सगुणाबाईंचा हवेशीर डेक

एका जंगलात, मुलांनो, जिथे वाघसुद्धा गुहेच्या पडद्याचा रंग चार जणांना विचारून ठरवत असे, तिथे सगुणाबाई साळिंदर राहत होत्या. त्यांच्या बिळाबाहेर ओढ्यावर झुकलेली एक अरुंद फळी होती. शहराकडे जाऊन आलेला कावळा एकदा तिला डेक म्हणाला, आणि त्या दिवसापासून ती सगुणाबाईंना अपुरी वाटू लागली.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. शेजारच्या वेणूबाई सशीण रोज संध्याकाळी यायच्या आणि पायरीवरूनच म्हणायच्या, "उभ्या उभ्याच आलेय हो."

पूर्वी एकदा त्या फळीवर सगुणाबाईंच्या शेजारी टेकल्या होत्या. सगुणाबाईंना हसू आलं, हसताना काटे फुलले, आणि वेणूबाईंना पुढे बरेच दिवस एकाच कुशीवर झोपावं लागलं. त्यानंतर त्या कधी बसल्या नाहीत. सगुणाबाईंना याचं फार वाईट वाटे. आता दोष आपल्याच काट्यांचा, हे कुणाला मान्य करवतं? त्यांनी तो फळीच्या रंगावर ढकलला; रंगामुळे जागा लहान दिसते, म्हणूनच वेणूबाई बसत नाहीत.

रंग निवडायला त्यांनी सरड्याला बोलावलं. रंगांतलं त्याच्याइतकं कुणाला कळणार? सरडा पानावर चढला आणि हिरवा झाला. सगुणाबाई म्हणाल्या, वा. तो खडकावर गेला आणि करडा झाला. सगुणाबाई म्हणाल्या, हाही छान. शेवटी दमून तो फळीवर आडवा झाला, आणि फळीचाच मातकट रंग त्याच्या अंगावर उतरला.

"बघा, रंग किती मिसळून गेला," सरडा म्हणाला. "या डेकला दुसरा रंग शोभायचाच नाही."

सगुणाबाईंना ते एकदम पटलं. मातकट फळीवर मातकट रंगाचे दोन हात देऊन झाले. मग त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारू लागल्या, जागा मोठी दिसते ना? सगळे हो म्हणत. नाही म्हणणाऱ्यासमोर सगुणाबाईंचे काटे उभे राहत, हे जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं.

जाता जाता सरडा एवढं सांगून गेला की अरुंद जागेत फर्निचर हवेशीर हवं.

म्हणून सगुणाबाईंनी सुतारपक्ष्याला गाठलं. नावातच सुतार म्हटल्यावर आणखी चौकशी कशाला करायची? सुतारपक्ष्याने एक फळकूट बसायला आडवं ठेवलं, एक पाठीला उभं केलं. त्याला खरं तर भोकं पाडण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्यात 'हवेशीर' हा शब्द कानावर पडला, आणि आपल्या कलेची कदर करणारं कुणीतरी भेटलं म्हणून तो हरखून गेला. दुपार टळेपर्यंत त्याने बाकाच्या पाठीची पार चाळण करून टाकली.

सगुणाबाईंना रडूच फुटलं. तेवढ्यात वेणूबाई पायरीवर हजर. आता हे ध्यान लपवायचं कसं? सगुणाबाई धावतपळत बाकावर बसल्या आणि भोकं झाकायला त्यांनी घट्ट पाठ टेकली.

एकेक काटा एकेका भोकातून सुळकन पलीकडे गेला.

सगुणाबाई ओशाळून हसल्या. काटे फुलले, पण ते मागे, ओढ्याच्या अंगाला. अलीकडे राहिल्या नुसत्या मऊ मऊ सगुणाबाई. वेणूबाईंनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग त्या बाकाच्या टोकाला टेकल्या. मग जरा सरकल्या. मग चक्क खेटून बसल्या आणि सुनेबद्दल बोलू लागल्या.

बऱ्याच वेळाने सगुणाबाईंना पाहुणचाराची आठवण झाली. त्या उठायला गेल्या, तर फुललेले काटे भोकांत अडकून बसलेले. हलताच येईना.

"वेणूबाई, मी अडकले हो," त्या म्हणाल्या.

"मग बसा की. चहा मी टाकते," वेणूबाई आत जात म्हणाल्या. "साखर कुठे ठेवता तुम्ही?"

हे ऐकून सगुणाबाईंना इतका आनंद झाला, की काटे आणखी फुलले आणि त्या आणखीच घट्ट अडकल्या.

तात्पर्य: घर सजवताना तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा. फक्त त्यांना त्यातलं काही येत नाही, एवढी आधी खात्री करून घ्यावी.