हेडरमध्ये सासूबाई

आधीच सांगून ठेवतो, कॉम्प्युटरच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही! ऑफिसात कोणाचं काही अडलं की लोक पहिल्यांदा माझ्याकडे येतात. त्यानंतर मेकॅनिकला बोलवावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

तर झालं असं. आमची ही शाळेत शिक्षिका. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली आणि हिने अर्ज केला. शाळेचं पुढे काय करायचं, याचा चांगला चाळीसेक पानांचा आराखडा लिहिला. तोही ऑनलाइन! लिंक कमिटीला धाडली. मुलाखतीत तोच पडद्यावर दाखवून ही बोलणार होती.

घोडं अडलं होतं ते या बोलण्यापाशीच. वर्गात ही वाघीण. पण कमिटीसमोर बसवा, की दातखीळ! मागच्या वेळी तर स्वतःचं नाव सांगताना अडखळली होती. या वेळी जागा हुकली, की बाहेरचा कोणीतरी येऊन बसणार आणि ही निवृत्तीपर्यंत त्याच्या सह्या घेत फिरणार.

सकाळी निघताना दारातून बजावून गेली, "त्या फाइलला हात लावायचा नाही!"

"छे छे!" मी म्हणालो. रजा तरी मी कशासाठी काढली होती?

ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी फाइल उघडली. आराखडा फक्कड होता हो, पण पानांची डोकी बोडकी! वर ना नाव, ना शाळा! अशा वेळी हेडर टाकतात. हेडर म्हणजे पानाच्या डोक्यावरची ओळ. एका पानावर लिहा, सगळ्या पानांवर आपोआप उमटते. हिचा नंबर दुपारचा, म्हणजे वेळच वेळ!

पानाच्या माथ्यावर दोनदा क्लिक केलं. आता, मी टाइप करतो एका बोटाने. म्हणून मी माइकचं बटण दाबलं. आपण बोलायचं, कॉम्प्युटरने लिहायचं! घसा खाकरून म्हणालो, "आपली शाळा, उद्याची शाळा." आणि काय सांगू! चाळीसच्या चाळीस पानांवर झळकलं! मी खुर्ची मागे फिरवली आणि चहाचा कप उचलला.

समोर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"जावईबापू, हात लावू नका म्हणाली होती ना ती?"

"आई, हात कुठे लावला? तोंडानेच काम केलं!"

"कसं होईल हो पोरीचं? काल आरशासमोर बोलून बघत होती. आरशालासुद्धा घाबरत होती!"

"खरं सांगू आई? मागच्या वेळी बाहेर आली आणि बसस्टॉपवर ढसाढसा रडली. अहो, शाळेतलं एकेक पोर तिला नावानिशी ठाऊक आहे. डबा न आणता कोण येतं, वर्गाबाहेर कोण उभं असतं, सगळं! आणि ते चार ढुढ्ढाचार्य समोर बसले की हिची बोबडी वळते. त्यातला अध्यक्ष तर म्हणे मुलाखतीत घोरतो!"

"मग घोरणाऱ्याला काय घाबरायचं?" सासूबाई म्हणाल्या. "मी असते तर उशीच नेऊन दिली असती."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेवढ्यात फोन वाजला. शाळेतला क्लार्क! मी स्पीकर लावला.

"साहेब," तो कुजबुजत होता, "तुम्ही घरी काही बोलताय का?"

"हो, का?"

"ते इथे पडद्यावर उमटतंय! मॅडमना पहिलंच बोलावलं. कमिटी वाचतेय!"

मी गर्रकन वळलो. माइक लालभडक चालू! हेडर वाढत वाढत अर्ध्या पानावर उतरलं होतं. खाली आराखड्याच्या चार ओळी आणि वर आमचं अख्खं घर! 'गणिताची गोडी' या मथळ्याच्या डोक्यावर उशी, 'पालकसभा'च्या डोक्यावर ढुढ्ढाचार्य, 'वाचनालया'च्या डोक्यावर घोरणारा अध्यक्ष. शेवटी हेडर ते हेडर, एकाही पानाला त्याने वगळलं नाही!

"लवकर पुसा," क्लार्क म्हणाला. "अध्यक्षांनी अजून वाचलेलं नाही. चष्मा शोधतायत. कपाळावरच आहे, पण मी कशाला सांगू?"

हे वाक्यसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर हेडरमध्ये जाऊन बसलं.

"अरेच्चा!" क्लार्क म्हणाला. "सापडला त्यांना!"

मी पुसायला लागलो. एक अक्षर पुसावं, तोवर तोंडातून "अरे देवा" निघावं आणि चार वाढावीत!

"आधी तुम्ही गप्प बसा!" सासूबाई ओरडल्या.

"तुम्ही गप्प बसा!"

"सासूशी असं बोलतात?"

तिन्ही वाक्यं हेडरमध्ये. शेवटी सासूबाईंनीच उठून लॅपटॉप धाडकन मिटला आणि वर मटारची टोपली ठेवली. पण तिकडच्या पडद्यावरचं कोण मिटणार?

विनोद राहिला बाजूला, बाईची वर्षानुवर्षांची मेहनत मी एका चहाच्या कपात बुडवली होती! सासूबाई माझ्याकडे बघेनात. मी स्वतःकडे बघेना.

दुपारी ही आली. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली.

"पाणी द्या."

दिलं. घटाघटा प्यायली.

"झाली निवड."

मी खुर्चीतच बसलो. "अगं, पण कशी? ते हेडर..."

"वाचलं ना सगळ्यांनी! आधी वाटलं, धरणी दुभंगावी. मग तुमचा असा संताप आला, असा संताप आला, की भीती कुठल्या कुठे गेली! अध्यक्ष म्हणाले, आराखडा राहू द्या बाई, एवढंच सांगा, सांगितलेलं न ऐकणारा, आगाऊ विद्यार्थी तुम्ही कसा हाताळाल? मी अर्धा तास बोलले. एकदासुद्धा अडखळले नाही. कोणी घोरलंसुद्धा नाही."

"अर्धा तास? एवढी उदाहरणं तुला ऐनवेळी सुचली?"

"सगळी तुमचीच."

सासूबाई मान डोलावत होत्या. मी ओशाळून विचारलं, "मग? काय म्हणाले अध्यक्ष?"

"म्हणाले, इतक्या वर्षांत काही सुधारणा?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, प्रयत्न चालू आहेत. पण वरच्या वर्गात ढकलण्यासारखे नाहीत अजून."