हातालेच पुसा

निवृत्ती मास्तरांना सासूचं कार्ड आलं तेव्हा ते अंगणात दात घासत होते. कार्ड वाचता वाचता हात थांबला आणि शेवटच्या ओळीपाशी येईपर्यंत तोंडातली राखुंडी चूळ न भरताच पोटात गेली.

कार्ड दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं, पण आवाज रुखमाबाईंचाच होता. 'जवाईबापूस आशीर्वाद. ज्या माणसाले बाजार येत नाही त्याच्या घरी मी पोरगी ठेवत नसते. येत्या बाजाराच्या दिवशी खामगावले या. मी बी येते. बाजार येतो का थे दाखवा, मंग शालूचं पाहू.'

चार महिने झाले, मास्तरांची बायको शालूबाई धामणगाव बढ्याला माहेरी जाऊन बसली होती. कारण म्हणाल तर एक शेळी. मास्तरांनी ती गाभण म्हणून आणली. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, पंधरा दिवसांत दोन करडं. शालूबाईंनी करडांची नावंसुद्धा ठरवून ठेवली. दोन दिवसांत शेळीचं पोट उतरलं, कारण पोटात मीठ-पाण्याशिवाय काही नव्हतंच. त्याआधी एक घोंगडी धुतल्यावर रुमालाएवढी झाली होती, आणि एक तांब्या बुडातून गळत होता. शेळीनंतर शालूबाईंनी पिशवी भरली. "शेळी सांभाळा," त्या म्हणाल्या, "तुमाले दोघाले एकमेकाची सोबत हाय." आणि गाडीत बसल्या.

आता, 'बाजार येणं' म्हणजे काय ते जानेफळातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण मास्तर पडले मास्तर. गणित येतं, भूगोल येतो, तसाच बाजारही येत असणार, आणि जे येतं ते वाचूनच येतं, असा त्यांचा पक्का समज. ते धावत निवृत्त हेडमास्तर वामनरावांकडे गेले. वामनरावांच्या ट्रंकेत 'खामगावच्या बाजारपेठेची माहिती' नावाची एक पिवळी पडलेली वही होती. आठ दिवस मास्तरांनी ती तोंडपाठ केली. लाल-निळ्या पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर नकाशा काढला, आणि त्यावर कुणालाही न विचारता पायी करायच्या फेरीचे सतरा टप्पे आखले. सासूबाई थक्क होणार, शालू परत येणार, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही.

रुखमाबाई खामगावच्या एस. टी. स्टँडवर काखेत रिकामी पिशवी मारून उभ्याच होत्या. ही बाई वांगं नुसतं दाबून ते कुणाच्या मळ्यातलं ते सांगायची, असं धामणगावात बोललं जाई.

"चला जवाईबापू, दाखवा तुमचा बाजार."

मास्तरांनी पुठ्ठा उघडला, घसा खाकरला आणि वर्गातल्या आवाजात सुरुवात केली. "टप्पा पहिला. मामी, आपण उभे आहोत तिथून एके काळी कापसाच्या गाड्यांची रांग लागत असे. ती रांग इतकी लांब असे, की शेवटच्या गाडीवाल्याला–"

"मिरच्या कोठी भेटतात?"

"मिरची टप्पा नऊ."

"अन् वांगे?"

"वांग्यांना इतिहास नाही, मामी."

रुखमाबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, की एखाद्याला ताप चढला असता. मास्तर मात्र पुढे निघालेसुद्धा. त्यांनी एक जुनी कमान दाखवली. एका दुकानाच्या दगडी जोत्याला हात लावून ते किती जुनं असावं याचा अंदाज सांगितला, तेवढ्या वेळात दुकानाची वाट अडली म्हणून आतला शेठ खेकसला. बांगड्यांच्या गल्लीत मास्तर वरच्या मजल्याची नक्षी बघत उलटे चालले आणि एका बाईच्या टोपलीत बसले. टोपलीत टमाटे होते.

"काऊन हो, दिसत नाही का?" ती बाई ओरडली.

"टप्पा पाच," मास्तर धोतर झटकत म्हणाले.

"जवाईबापू, कोनाले तं पुसा रस्ता!"

"पुसायचं कशाला? नकाशा आहे ना! इथून तेलाच्या घाण्याची भिंत संपली की डावीकडे."

वामनरावांच्या वहीतली ती भिंत पडून दहा वर्षं झाली होती. भिंत दिसेना. तरी ती जिथं संपली असती असं मास्तरांना वाटलं तिथून ते डावीकडे वळले, आणि मागोमाग रुखमाबाई वळल्या. दोघं थेट गुरांच्या बाजारात निघाले.

तिथं गर्दी, धूळ आणि हंबरणं. मास्तर क्षणभर गोंधळले, पण लगेच त्यांचा चेहरा उजळला. समोर कडूबा नावाचा दलाल एका शेतकऱ्याच्या हातावर रुमाल टाकून उभा होता. रुमालाखाली दोघांची बोटं चालली होती आणि तोंडं मात्र बंद.

"मामी, पाहा! हाताची बोली! ही फार जुनी रीत. भाव तोंडानं सांगायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा. बाजूच्याला पत्ता लागत नाही."

"मले माईत हाय," रुखमाबाई म्हणाल्या. "माह्या जन्माच्या आंधीपासून हाय."

पण मास्तरांना आता थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. कडूबाचं ते गिऱ्हाईक गेलं होतं. त्यानं मास्तरांचं पांढरं धोतर पाहिलं, टोपी पाहिली, आणि रुमाल पुढे केला. "या मालक. घाला हात."

"तुम्हाला त्रास नसेल तर सासूबाईंना समजावून देतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हात घातला. "हं, मामी. समजा, मी याची तीन बोटं दाबली. अशी. आता हा दलाल काय करेल–"

"जमलं!" कडूबा ओरडला.

"छान! आणि मग 'जमलं' असं म्हणतात," मास्तर खुशीत म्हणाले. माहिती इतकी मनापासून दिल्याबद्दल त्यांनी खिशातून एक रुपया काढून कडूबाच्या हातावर ठेवला. "चहा घ्या."

"इसार आला! सौदा पक्का!" कडूबानं रुपया उंच धरून साऱ्या बाजाराला दाखवला. "कारभारी, कासरा दे मालकाच्या हाती!"

बाजूला बिडी ओढत बसलेल्या कारभारी नावाच्या म्हाताऱ्यानं उठून एक कासरा मास्तरांच्या हातात दिला. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचा एक हल्या, म्हणजे रेडा, होता. काळाकभिन्न, एका शिंगाचा, आणि मास्तरांकडे बघून खूश झाल्यासारखा दिसणारा.

"अहो, मी फक्त समजावून देत होतो!"

"समजलं ना. बाकीचे काढा."

"बाकीचे किती?"

कडूबा दुखावला. "मालक, भाव तोंडानं सांगत नसतात. रीत हाय. आता हातानं बोलले ना तुमी? हातालेच पुसा."

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हाताला काही आठवत नव्हतं. आता भाव विचारायचा तर रुमालाखालीच, म्हणून त्यांनी पुन्हा हात घातला. पण विचारायला कुठलं बोट दाबायचं ते वहीत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतं विचारायच्या बेतानं कडूबाचा सबंध पंजाच घट्ट पकडला.

"वा!" कडूबा डोळे टिपत म्हणाला. "असा दिलदार माणूस म्या पाह्यला नाही! भाव आपल्या हातानं वाढवून दिला!"

"नाही, नाही, नाही!" मास्तरांनी हात मागे ओढला. ओढताना त्यांचा अंगठा कडूबाच्या तळव्यावर दोनदा आपटला.

"अन् दुसरा बी? जमलं! कारभारी, आन दुसरा!"

दुसऱ्या हल्याला दोन्ही शिंगं होती, आणि तो पहिल्याइतका प्रेमळ नव्हता. आता मास्तरांच्या दोन्ही हातांत दोन कासरे. नकाशा धुळीत पडला होता आणि त्यावर पहिला हल्या उभा होता. हे सगळं रुखमाबाई पदराआडून पाहत होत्या.

"काय झालं, जवाईबापू?"

"मामी," मास्तर रडवेल्या आवाजात म्हणाले, आणि वर्गातलं मराठी कुठल्या कुठे पळालं. "म्या दोन हल्ये घेतले बहुतेक."

"बहुतेक?"

"भाव माईत नाही मले!"

रुखमाबाईंनी पदर कमरेला खोचला. "पह्यल्यांदा किती बोटं दाबले?"

"तीन."

"तीनशे!" रुखमाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की पलीकडचा एक गोऱ्हा दावं तोडून पळाला. सारा बाजार वळून पाहू लागला. त्या जागेवर भाव असा उघड्यानं कुणी कधी उच्चारला नव्हता.

"माय, हळू! हळू बोला!" कडूबा घाबरला. "रीत नाही हे!"

"रीत हातवाल्याची. मी काई हात घालत नसते, मी तोंडानं बोलते. मंग किती दाबले, जवाईबापू?"

"पाची."

"पाचशे! एका शिंगाच्या हल्याचे पाचशे!"

कारभारीच्या तोंडातली बिडी खाली पडली. "पाचशे? कडूबा, लेका, माह्या हातात तं तू दोन बोटं दाबले! दोनशे म्हणून!"

"अन् माह्या गोऱ्ह्याच्या टायमाले?" मागून दुसरा कुणी गरजला.

"अन् माह्या म्हशीच्या?"

मग जो तो आपापली बोटं मोजू लागला. विकणारा घेणाऱ्याला शोधायला धावला, घेणारा विकणाऱ्याला. रुमाल गळून पडले, आवाज चढले, आणि वर्षानुवर्षं मुकाट असलेला तो बाजार भाजीबाजारासारखा बोलायला लागला. कडूबानं मास्तरांच्या हातातले कासरे हिसकले, रुपया रुखमाबाईंपुढे ठेवला आणि हात जोडले. "माय, रुपया घ्या, जवाई घ्या, पण वरडू नका!"

कारभारीनं मास्तरांना मिठी मारली. "काय डाव टाकला मास्तरनं! येड्याचं सोंग घेतलं अन् दलाल पकडला!" चार जणांनी मास्तरांना उचललं, दोघांनी चहा पाजला. तिसऱ्या घोटाला मास्तरांना स्वतःलाच वाटू लागलं, की आपण हे सगळं ठरवूनच केलं होतं.

परतीच्या वाटेवर रुखमाबाईंनी मिरच्या घेतल्या, वांगी घेतली, आणि जावयाला कशालाही हात लावू दिला नाही. मास्तर पिशवी घेऊन मागे चालत होते. चहाचा अंमल उतरत होता.

स्टँडवर त्यांच्यानं राहवलं नाही. "मामी, खरं सांगतो. म्या काई डाव टाकला नाही. मले काई समजलंच नाही. बाजार येत नाही मले." त्यांचे डोळे भरून आले. "पण शालूबिगर घर खायाले उठते हो. शेळीसंग किती बोलाव माणसानं?"

"समजलं मले," रुखमाबाई म्हणाल्या. "तुमाले बाजार येत नाही. या जन्मी येणार बी नाही."

मास्तरांनी मान खाली घातली.

"उद्याच्या पह्यल्या गाडीनं शालूले पाठवून देते."

"आँ?"

"आँ काय? मी समजत होती, जवाई जरासा भोळा हाय, आपल्या आपण शिकीन. आज पाह्यलं. एका घंट्यात दोन हल्ये! तुमाले एकटं सोडलं तं पुढच्या बाजारात हत्ती घेऊन येसान. माणूस पाह्यजे तुमच्या मांगं, हात धराले."

मास्तरांना हे पचायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मी... नापासच ना, मामी?"

"सपशेल!"

जानेफळच्या गाडीत मास्तर चढले ते जवळजवळ नाचतच. एका अनोळखी माणसाला त्यांनी खिडकीची जागा दिली, दुसऱ्याची पेटी वर ठेवून दिली, आणि कारण नसताना तिसऱ्याची पाठ थोपटली. कंडक्टर ओळखीचा होता. तिकीट फाडता फाडता त्यानं मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय मास्तर, लय खुशीत? पगार वाढला का?"

"नाही हो!" मास्तर सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. "नापास झालो!"