बाळास स्पर्श करण्याचे नियम

बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी लिपिकबाईंनी घरासाठी एक परिपत्रक काढलं. बाई कचेरीतल्या परिपत्रक शाखेतल्या; त्यांच्या मसुद्यात खोट काढायची साहेबांची प्राज्ञा नव्हती. विषयही तसाच गंभीर होता. कचेरीत हजेरीच्या यंत्रावर अख्खा मजला अंगठा टेकवतो. साहेब तोंडावर हात न धरता शिंकतात, कारण हातात फोन असतो. आणि घरी पाळण्यात एवढीशी मुलगी. तेव्हा दारावर चिकटवण्यात आलं: ‘बाहेरून येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने आंघोळ करून व कपडे बदलूनच बाळास स्पर्श करावा.’

घरानं नियमाचं तोंडभरून कौतुक केलं आणि लगेच सवलतींचा विचार सुरू झाला.

पहिली सवलत नवऱ्याला मिळाली. तोही कचेरीतूनच यायचा, पण स्वतःच्या गाडीतून, काचा वर करून. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो बाहेर गेलेलाच नव्हता, असा निर्वाळा सासूबाईंनी दिला. सासरे बागेत फिरायला जात. तिथली हवा शुद्ध असल्यानं त्यांना वयाचा मान राखून वगळण्यात आलं. नणंद मुक्कामाला आली ती नाक ओढतच. पण माहेरवाशिणीला दारातच आंघोळीला पिटाळायचं कसं? शिवाय सर्दी घरच्याच मुलीची, परकी थोडीच होती. तिनं भाचीचे मनसोक्त मुके घेतले. एकदा मोरी तुंबली म्हणून प्लंबर आला. मुलगी रडायला लागली तशी त्यानं मोरीतला हात पँटला पुसून तिला उचललं. तो सकाळपासून आतच काम करत असल्यामुळे ‘बाहेरून येणारी व्यक्ती’ या व्याख्येत बसत नाही, असं ठरलं.

इतक्या सवलती दिल्यावर नियम ढिला पडणार, ही सासूबाईंची भीती रास्तच होती. म्हणून उरलेल्यांसाठी तो कडक करण्यात आला. उरलेल्यांत लिपिकबाई एकट्याच होत्या. त्यांच्या आंघोळीला आधी केस धुण्याची जोड मिळाली, मग गुळण्यांची, मग वाफाऱ्याची आणि शेवटी गॅलरीत उभं राहून अंगाला वारा लागू देण्याची.

बाई घरी येत तेव्हापासून मुलगी झोपेपर्यंत जेमतेम तासभर मिळायचा. त्या तासाच्या आशेवर त्यांचा दिवस निघायचा. आता त्या गॅलरीतून आत येईपर्यंत मुलगी आजोबांच्या खांद्यावर गाढ झोपलेली असे. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे बाईंना कळत होतं. पण नियम मोडायचा म्हटलं की तो हजेरीचा अंगठा डोळ्यांपुढे यायचा.

अखेर एक दिवस ओल्या केसांनिशी त्यांनी सासूबाईंकडे विषय काढलाच.

“आई, मलाही थोडी सवलत द्या ना. नुसते हात धुऊन घेते तिला.”

“अगं, तू ऑफिसातून येतेस.”

“हेही ऑफिसातूनच येतात.”

“त्याचं वेगळं. तो कामाला जातो.”

“मग मी कुठे जाते?”

“तू बाळाला सोडून जातेस,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि नियम तूच केलायस ना?”

बाईंना राग आला, रडूही आलं. दोन्ही गिळून त्या वाफारा घ्यायला गेल्या.

त्याच आठवड्यात मुलीला सर्दी झाली. रीतसर चौकशी बसली. अध्यक्ष सासरे, सदस्य नवरा, आणि साक्षीदार म्हणून नणंद, जी मधूनमधून शिंकत होती. निष्कर्ष काढणं मुळीच अवघड गेलं नाही. ज्यांना नियम लागूच नाही, त्यांच्याकडून तो मोडला कसा जाणार? नियम एकाच व्यक्तीला लागू होता. तेव्हा मोडलाही तिनंच असणार. सर्दी बरी होईपर्यंत आईनं बाळाजवळ जाऊ नये, असं एकमतानं ठरलं. नवऱ्यानं हळूच म्हटलं, “थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, मनाला लावून घेऊ नकोस.”

बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. आतून मुलीनं त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. नणंदेनं आपल्याच रुमालानं तिचं नाक पुसलं आणि तिचं तोंड भिंतीकडे वळवलं. आईला बघून उगाच कासावीस होते, म्हणाली.

आता हे पान तुम्ही बोटाला थुंकी लावून उलटलं असेल आणि शेजारच्या खोलीत बाळ असेल, तर खुशाल जा, उचला त्याला, गालाचा पापा घ्या. तुम्हाला सवलत आहे. फक्त त्याची आई कामावरून आली, की तिला आधी आंघोळीला पाठवा.