शोलेताच्या हंड्यात आमसुले शिरली त्याची हकीकत

सर्व चुलींचा धनी जो एक, निराकार, त्यास नमन करून, शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी कोकणातील एका राज्यात काय जाहले ते लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. विस्तार ओटीपासून परसापर्यंत, घराणे बेने इस्राएलांचे, गादी स्वयंपाकघरात, आणि गादीवर मिल्काबाईसाहेब. त्यांच्या पुत्राने हंगेरी देशीची यहुदी कन्या मार्गित वरून आणिली, आणि ती सूनबाई अर्ज करिती जाहली की, "आई, या शनिवारी माझ्या माहेरचं शोलेत, रात्रभर निखाऱ्यावर शिजणारं घेवड्या-मांसाचं कालवण, मी रांधते." बाईसाहेब बोलिल्या, "रांध हो. पण पाहुणे उपाशी उठले तर पुन्हा माझ्या चुलीला हात लावायचा नाही." ऐसा करार ठरला.

मग शुक्रवारी दोनप्रहरी सूनबाईंनी हंड्यात भिजविलेला पांढरा घेवडा घातला, आणि जव, आणि बकऱ्याचे मांस, आणि कांदा, आणि मायदेशची गोड तांबडी मिरचीपूड, आणि वर अख्खी अंडी कवचासकट. सासरे हास्केलबाबा चकित होऊन पुसते जाहले, "अगो, ही उबवायची की खायची?"

"खायची, बाबा. उद्या आतून तपकिरी होतील."

"आणि फोडणी?" बाईसाहेब गरजल्या.

"फोडणी नसते, आई."

राज्यात हाहाकार जाहला. मग सूनबाई स्नानास गेल्या, आणि बाईसाहेबांस राहवेना, आणि त्यांनी मूठभर आमसुले हंड्यात दडपून साळसूद मुद्रा धारण केली. सूनबाईंनी परतोन झाकणास कणीक लाविली, शेगडीचे निखारे राखेने झाकिले, आणि सूर्य मावळोन शब्बाथ लागला. आता उद्याच्या पंगतीपर्यंत ढवळणे नाही, विस्तवास हात नाही, हा कुळाचा कायदा. तेव्हा बाईसाहेब ऐटीत वदल्या, "घाबरू नकोस. आमसूल मी घातलंय."

"आई! आंबटात घेवडा शिजत नाही."

"अगो बाई! मुळीच?"

"उद्या कळेल."

शनिवारी सकाळपासून हास्केलबाबा हंड्याकडे कान लावून बसले. "काय म्हणतो?" बाईसाहेबांनी पुसले. "गुबगुब म्हणतो." "अहो, पण मऊ गुबगुब की कडक?" याचा निर्णय होईना. इकडे वास ऐसा सुटला की बंदरातील गलबताने वारा नसता शीड गावाकडे फिरविले. खोटे वाटल्यास शिडास पुसावे.

पाहुणे आले, कणीक फोडिली, तो अंडी तपकिरी जाहलेली, जव विरघळलेले, मांस हाड सोडोन शरण आलेले, घेवडा मात्र किल्ला सोडीना. हास्केलबाबांच्या कवळीखाली पहिला दाणा गेला आणि पाहुणे खिडकीबाहेर पाहू लागले की काय फुटले. शेजारच्या रेमाबाई बोलिल्या, "सूनबाई, तुमच्या देशी घेवडा खाणीत सापडतो काय?"

सूनबाई म्हणाल्या, "मीच नीट भिजवला नाही."

बाईसाहेबांनी हा बचाव क्षणभर घोळवून चाखला. मग ताट सारोन म्हणाल्या, "शब्बाथाच्या दिवशी खोटं नको बोलूस. आमसूल मी टाकलं."

पंगत ऐसी हसली की लाज उरली नाही. मग पाहुण्यांनी घेवडा ताटाच्या कडेस रचिला आणि रस्सा, मांस, अंडी यांचा फडशा पाडिला, आणि उपाशी कोणीच उठले नाही. करार सूनबाईंनी जिंकिला.

पुढल्या शुक्रवारी हंडा पुन्हा चढला, आणि बाईसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून पुसत्या जाहल्या, "आत येऊ का गो?"

"या, आई. आधी मूठ उघडून दाखवा."

एवंच, सत्तापालट जाहला, रक्त सांडले नाही, रस्सा सांडला तो पावाने पुसला. वाचणाराने शंका काढू नये, पाव काढावा.