कापगतेचा चिखल

कापगतेच्या ट्रेमधला चिखल मी बदलला होता. शिपायांनी नाही, पोरांनी नाही, मी. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कापगतेबद्दल हसू येईल असं बरंच लिहिणार आहे आणि ते वाचताना कुणी मला सज्जन समजू नये.

कापगते सदा चिडलेला असायचा. लाखांदूरकडच्या एका धानाच्या गावातून तो आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आला होता आणि मी त्याला शिकवायचो. ऐंशीनंतरचा काळ. कॉलेज साकोलीच्या रस्त्यावर नुकतंच निघालेलं, अर्ध्या वर्गांवर टिनाचं छप्पर. हजेरीला नाव पुकारलं की बाकीची पोरं 'येस सर' म्हणायची. हा उभा राहून तक्रार सांगायचा.

"हजर आहो, सर. पण खिडकीले काच नाही, हे मले पटून नाही राहिलं."

त्याला मेसचं वरण पटत नसे, घंटेची वेळ पटत नसे, ग्रंथालयात पुस्तकांना कुलूप का हे तर मुळीच पटत नसे. परीक्षेत एकदा बॉयलरचं गणित होतं. त्यानं ते बरोबर सोडवलं आणि खाली लिहिलं, 'एवढा कोळसा खाणारा बॉयलर मालकाने विकून टाकावा.' मी त्याचा एक गुण कापला. दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात उभा. "गुण कापा जी. पण बॉयलर ठेवून घेतला असता का तुमी?"

आमच्या कॉलेजात दर हिवाळ्यात यंत्रमेळा भरायचा. तो पोरांचा मेळा. कमिटी पोरांची, मांडव पोरांचा, भांडणंही पोरांचीच. मी सल्लागार होतो, म्हणजे सह्या करायच्या आणि मध्ये पडायचं नाही. एवढं साधं काम मला जमलं नाही.

कापगतेला मेळ्याचाही राग. तो प्रत्येक टेबलाशी थांबून एकच विचारायचा, "चालते का थे?" एका वर्षी पोरांनी थर्माकोलचं धरण केलं होतं, पाण्याच्या जागी निळा जिलेटिन कागद. कापगते त्यावर वाकला. "यात बुडन कोण?" पुढच्या टेबलावर टिनाच्या डब्यांचा यंत्रमानव मान हलवत होता. आत फर्स्ट इयरचा एक पोरगा बसवला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे नवल करत होते. कापगतेनं डब्यावर टकटक केलं. "बाहीर ये बे. गुदमरशीन." आतून आवाज आला, "पाहुणे गेल्यावर येतो भाऊ." त्या यंत्रमानवाला दुसरं बक्षीस मिळालं. कापगते आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, जणू आत मी बसलो होतो.

तिसऱ्या वर्षी त्यानं स्वतः यंत्र केलं. धान रोवायचं. जुन्या सायकलची चेन, स्पोक वाकवून केलेली बोटं, वर पऱ्हे ठेवायला उतरता पत्रा. पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. हँडल फिरवलं की बोटं खाली यायची, एकेक चूड, म्हणजे दोन-चार रोपांचा झुबका, उचलून चिखलात खोवायची आणि मोकळी वर जायची. बायांनी दिवसभर कमरेत वाकून करायचं काम. वर्कशॉपच्या मागे त्यानं मला ते चालवून दाखवलं. रोपं ओळीनं उभी राहिली. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा विनातक्रार पाहिलं.

मेळ्यासाठी त्यानं पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये गावच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिखल आणून कालवला आणि तो हॉलमध्ये आपल्या जागेवर ठेवला. मग मला बजावलं, "सर, चिखल बसून राहिला. याले कोणी हात लावाचा नाही. ताज्या चिखलात हे बोटं रोवत नाहीत, पऱ्हे आडवे पडतेत."

मी 'बरं' म्हणालो. खरं सांगायचं तर ऐकलंच नाही. त्या सकाळपासून त्यानं माईकबद्दल, खुर्च्यांबद्दल, पाहुण्यांच्या हारांबद्दल एवढ्या तक्रारी केल्या होत्या की ही त्यातलीच एक वाटली.

मेळ्याच्या दिवशी कापगते पहिल्या एसटीनं उन्हाळी धानाचे पऱ्हे आणायला गावी गेला. इकडे प्राचार्य हॉलमध्ये आले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "पाहुणे इथून जाणार. हा वास काढा." ट्रे पाझरत होता. लाल गालिच्यावर काळा ओघळ आला होता. पाहुणे कोण? जिल्ह्यातले एक बडे गृहस्थ, ज्यांचा यंत्राशी संबंध फीत कापायच्या कात्रीपुरता. अशा माणसाच्या नाकासाठी आम्ही धावायचो. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि सगळ्यात पुढे मीच धावत होतो.

मी ट्रे मागे रिकामा करायला लावला. मग जागा उघडी दिसेल म्हणून कॉलेजच्या बागेतली माती आणवली, पाणी घालून स्वतः कालवली, आणि स्वागताच्या गुलाबदाणीतलं पाणी वर शिंपडलं.

कापगते घामाघूम होऊन आला तेव्हा पाहुणे दारात होते. त्यानं हुंगलं. "चिखलाले गुलाबाचा वास काहून येऊन राहिला, सर?"

"पाहुण्यांसाठी शिंपडलं," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

त्यानं हँडल फिरवलं. पहिलं रोप उभं राहिलं आणि हळूच आडवं झालं. दुसरंही. तिसरं बोटांना चिकटून परत वर आलं. कापगते फिरवत राहिला, ओळीच्या ओळी लोळत राहिल्या. पाहुणे म्हणाले, "हा धान रोवून राहिला का झोपवून राहिला?" हॉल हसला. प्राचार्य हसले. मीही हसलो.

मी वाट पाहत होतो की आता हा भडकेल, चिखलात हात घालेल, सगळं उघडं करेल. कापगतेनं हॉलच्या मागच्या बाजूला एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "माही चूक झाली. बोटं बरोबर नाही बसले."

त्याच आठवड्यात त्यानं यंत्र खोललं, चेन सायकलवाल्याला देऊन टाकली. हजेरीला तो 'येस सर' म्हणू लागला. शेवटच्या वर्षी त्यानं मेळ्यात थर्माकोलचं धरण मांडलं. पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवताना मला त्या टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांची चीड येत होती.

मी गप्प राहिलो. आधी प्राचार्यांच्या भीतीनं, मग इतके दिवस गप्प राहिल्याच्या लाजेनं. पुढे त्याच्या गावचा एक विद्यार्थी भेटला. म्हणाला, कापगतेभाऊ घरची शेती पाहतो; गावात कुणाचा पंप बिघडला आणि बोलवायला गेलं तर म्हणतो, मले मशीनचं जमत नाही.

ते ऐकून मी लाखांदूरची एसटी धरली.

कापगते बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, भेटला. मला पाहून चकित झाला, चपला काढल्या, "काय जी सर, इकडं कायले?" म्हणाला. मी उत्तर देण्याआधी त्यानं हाक मारली, "माय, माहे सर आले." रोवणाऱ्या बायांतून एक म्हातारी चिखल तुडवत आमच्याकडे आली. बाहेर येऊनही ती सरळ झाली नाही. कमरेतून वाकलेलीच चालत आली आणि मान तिरपी करून माझ्याकडे पाहू लागली.

"मी वरखलं तुमाले," ती म्हणाली. "मेळ्याले आलती मी याच्यासंगं. पऱ्ह्याची जुडी माह्याच डोक्शावर होती. मांगं बसली होती."

"माय, जाऊ दे नं," कापगते म्हणाला.

"काहून जाऊ देऊ? लोक हासले जी मास्तर. मी याले म्हनलं, राहू दे बापू, मले रोवाची सवय हाये. तवापासून यानं पाना-पेचकसाले हात नाही लावला."

म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये त्यानं मागे पाहिलं होतं ते तिच्याकडे.

माझं वाक्य पाठ होतं. एसटीत बसून चांगलं घासूनपुसून ठेवलं होतं, त्यात प्राचार्य होते, पाहुणे होते, गालिचा होता. ते सगळं मी बाजूला ठेवलं. म्हातारीचा चेहरा माझ्या कमरेच्या उंचीवर होता. मी धुऱ्यावर उकिडवा बसलो.

"माय, यंत्र बरोबर होतं," मी म्हणालो. "यानं मला सांगितलं होतं, चिखलाला हात लावू नका. मी तो फेकून दिला आणि दुसरा कालवून ठेवला. लोक हसले तेव्हा मीही हसलो." मग वर कापगतेकडे पाहिलं. "तुझी चूक नव्हती. माझी होती. मला माफ कर."