वरची ओळ

कोणताही समाज किती पुढे गेला, हे त्याच्या भिंतीवर काय लिहिलंय त्यावरून कळतं. भिंतीच्या जागी काच असली तर ते लवकर कळतं. निपाणीच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर आला, तो याच विचारानं. त्याच्या खोलीला गार हवेचं यंत्र बसवलं. (कॉम्प्युटरला उकडतं. माणसाला उकडलं तर तो ताप.)

काम एकच: आत कुणी जायचं ते नाव पडद्यावर दाखवणं. आधी हे तानीबाई आया दारात उभी राहून ओरडून करायची. ओरडणं अशास्त्रीय ठरलं.

प्रोग्राम लिहिला रवळूनं. बेळगावला जाऊन सी भाषा शिकून आलेला. त्या भाषेत प्रिंटएफ नावाचा हुकूम आहे. अवतरणचिन्हांत जे द्याल ते जसंच्या तसं काचेवर उमटवतो. का, कशाला, विचारत नाही. सरकारी नोकरीला याहून लायक उमेदवार मी पाहिलेला नाही.

नावांच्या आधी स्वागताची ओळ हवी. मराठीत की कन्नडात? विश्वस्तांच्या बैठकांवर बैठका झाल्या. दोन्ही, असं ठरलं; अक्षरं मात्र इंग्रजी, कारण यंत्राला दुसरी येत नव्हती. मराठी बाजूचे विश्वस्त मारुतीराव, त्यांनी वरची ओळ मराठीला मिळवून दिली. उद्घाटनालाच दिसलं, की पडदा भरल्यावर खाली नवी ओळ आली की सगळ्यात वरची सरकून नाहीशी होते.

"आमचीच तेवढी पुसली व्हय रं?" मारुतीराव म्हणाले.

रवळूनं मराठी ओळ पुन्हा खाली घातली. तशी कन्नड वर सरकून गेली आणि कन्नड बाजूचे विश्वस्त आण्णाप्पा उठले. शेवटी रवळूनं दोन्ही ओळी आलटून पालटून, न थांबता छापायला लावल्या. न्याय झाला. मध्येच एखाद्या पेशंटचं नाव येई आणि पापणी लवायच्या आत वर निघून जाई.

माझी दोन वर्षांची पोर तापानं फणफणत होती. मी बाकावर, तिला मांडीत घेऊन, नजर काचेवर. बी.एस्सी. झाले, पण पळती अक्षरं वाचणं आम्हाला अभ्यासाला नव्हतं. तानीबाईला म्हटलं, तेवढी हाक मार गं.

"हाक माराय बंदी हाय आक्का. मारली तर कुठल्या भाषेत मारलीस म्हून इचारत्यात."

पोरीनं डोळे फिरवले, हातपाय ताठ केले. मी दार ढकलून आत शिरले. डॉक्टर पेपर वाचत होते.

"आज पेशंटच नाहीत वाटतं," ते म्हणाले. मग पोरीकडे बघून उठले.

पोर आता बरी आहे. न विचारता सांगते, कारण कुणी विचारत नाही. समाचाराला आलेले चहा पिऊन एकच विचारून गेले: सध्या वर कुणाची ओळ हाय? तुम्ही शिकलेले, तुम्ही असलं काही विचारणार नाही. तुम्ही फक्त ही बाई त्यांच्या बाजूची की आपल्या, तेवढं ताडत इथपर्यंत वाचत आलात.