किसनरावांनी ‘सा’ पिऊन टाकला

रविवारी सकाळी मैत्रेयीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर सात काचेचे ग्लास ओळीने मांडले आणि यांना कुणी हात लावायचा नाही, असं घरातल्या प्रत्येकाला बजावलं. फक्त आजी तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

पाचवीतल्या मैत्रेयीला सोमवारी शाळेत प्रकल्प मांडायचा होता. विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं की ग्लासात पाणी जास्त तर आवाज खालचा, कमी तर वरचा. चित्रकलेच्या सरांना भाज्याफुलांचे रंग हवे होते आणि संगीताच्या बाईंना सरगम. मैत्रेयीने तिघांना एकाच ओळीत बसवलं होतं. ‘सा’मध्ये बिटाचं लाल पाणी काठोकाठ, ‘ग’मध्ये हळद, ‘म’मध्ये पालक, ‘प’मध्ये गोकर्णीच्या फुलांचं निळं, असं उतरत उतरत ‘नि’मध्ये जेमतेम दोन बोटं. शुक्रवारी शाळेच्या पेटीवर सूर जुळवून प्रत्येक पाण्याच्या रेषेवर तिने आईची एकेक टिकली चिकटवली होती. घरी पुन्हा पाणी भरायला तेवढीच खूण.

नेमकी त्याच सकाळी तेजलआत्याला बघायला उल्हासनगरची माणसं यायची होती. येणार होती चार, पण कात्रपमधल्या त्यांच्या बिल्डिंगखाली गाडीतून उतरली सात.

आजी, म्हणजे गयाबाई, धावत स्वयंपाकघरात आल्या. बघतात तर सात सरबतं तयार. सून माया आत तेजलच्या साडीला पिना लावत होती. “गुणाची गं माझी माया,” गयाबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग जवळ जाऊन पाहिलं. “पण हात केवढा आखडता. आणि ग्लासांना टिकल्या कशाला?”

त्यांनी टिकल्या काढल्या, ग्लास बाहेरून लख्ख पुसले, सगळ्यांत साखर घातली, लिंबू पिळलं. लिंबाने निळा ग्लास बघता बघता जांभळा झाला. हल्लीच्या सरबतांचा भरवसा नाही, असं म्हणत त्यांनी ट्रे उचलला.

मुलाच्या वडिलांना, किसनरावांना, मानाने काठोकाठ भरलेला ग्लास मिळाला. मुलाच्या आईला मिळाली दोन बोटं.

“आमच्या वाट्याला एवढंच का?” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला शुगर आहे ना, म्हणून मुद्दाम कमी दिलं,” गयाबाईंनी प्रेमाने ठोकून दिलं.

किसनरावांनी ग्लास खाली घेतला. “तू तर म्हणालीस, रिपोर्ट नॉर्मल आला.”

“घरी गेल्यावर बोलू,” बाई म्हणाल्या आणि सगळं एका घोटात संपवलं.

मुलगा, बुद्धभूषण, गप्प बसला होता. फोनवरसुद्धा तो ‘हं’च्या पुढे जात नव्हता, म्हणून तेजलने वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं, “पोहे देईन, पण होकार देणार नाही.” त्याने जांभळा ग्लास हातात घेतला, नखाने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि न पिताच खाली ठेवला.

“भूषण,” आई दबक्या आवाजात म्हणाली, “हे दुकान नाही.” मग गयाबाईंना म्हणाली, “क्रॉकरीच्या दुकानात आहे ना. आठ वर्षं झाली, प्रत्येक ग्लास वाजवूनच गिऱ्हाइकाला देतो. सवय लागलीय.”

“पालकाचं सरबत मी पहिल्यांदाच प्यायलो,” मुलाचे मामा सभ्यपणे म्हणाले.

एवढ्यात ग्लास वाजवायला दोन लाकडी चमचे मागून आणायला शेजारी गेलेली मैत्रेयी दारात उभी राहिली. तिने मामांकडे पाहिलं, मग किसनरावांकडे.

“आजोबा, तुम्ही माझा ‘सा’ प्यायलात.”

किसनरावांनी रिकामा ग्लास मांडीआड नेला. पाहुण्यांना सगळं समजेपर्यंत मैत्रेयीचे डोळे भरले. “टिकल्याही काढल्या. आता कुठपर्यंत पाणी भरू? आज शाळा बंद, पेटी नाही. उद्या काय वाजवू?”

“मला काय माहीत गं बाई, सरबतात शाळा असते,” गयाबाई पदराशी चाळा करत पुटपुटल्या.

तेवढ्यात बुद्धभूषण सोफ्यावरून उतरून थेट फरशीवर बसला.

“ग्लास धुऊन आण,” तो मैत्रेयीला म्हणाला. “एक तांब्या पाणी आण. आणि घरात सुरात कोण गातं?”

“आत्या. विहारात मुलांची गाणी तीच बसवते.”

तेजल पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली होती. तिने बशा टीपॉयवर ठेवल्या, नवी साडी सावरली आणि समोर मांडी घातली.

“तुम्ही म्हणा,” तो म्हणाला, “मी जुळवतो.”

ती ‘सा’ म्हणाली. त्याने टिचकी मारली, पाणी ओतलं, चमच्याने थोडं काढलं, पुन्हा टिचकी. सूर जुळला. मायाने पातेल्यात उरलेले रंग थेंब थेंब टाकले, मैत्रेयीने नव्या टिकल्या लावल्या. पोहे गार झाले. ‘प’पाशी मात्र गाडं अडलं.

“हा अलीकडेच तडकलाय,” बुद्धभूषण म्हणाला. “पाणी धरतो, सूर नाही धरणार. मघाशीच कळलं होतं.”

“मग तेव्हाच बोलायचं ना,” तेजल म्हणाली.

“पहिल्यांदाच आलो. तुमच्या ग्लासाला नावं कशी ठेवणार?”

तेजल हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात तो एकटाच, हातात खोकं.

“‘प’ आणलाय.”

गयाबाईंनी खोकं उघडलं. “एक तडकला होता. सहा कशाला आणलेत?”

“शेठ सुट्टा देत नाही,” तो खाली बघत म्हणाला.

“शेठ चांगला माणूस दिसतो,” म्हणत गयाबाई चहा टाकायला गेल्या.

तेजलने पहिल्या ग्लासात निळं पाणी भरलं, टिचकी मारली, ऐकलं. त्याने मान डोलावली. मग दुसऱ्यात तेवढंच पाणी. मग तिसऱ्यात.

“आत्या, मिळाला ना ‘प’? पहिलाच बरोबर होता,” मैत्रेयी टिकली बोटावर घेऊन ताटकळली होती. “सगळे सेमच वाजतायत.”

“थांब गं,” तेजल चौथा ग्लास पुढे ओढत म्हणाली, “नीट ऐकू दे.”